वेटोळ्याचा मार्गशीर्ष

मार्गशीर्ष लागला की मोशीच्या चौकात हातगाड्यांवर पाच फळांचे वाटे, आंब्याचे डहाळे आणि लक्ष्मीचे मुखवटे मांडले जातात. सकाळच्या शाळेत शिकवायला जाताना मी ते रिक्षातून बघते. कंपन्यांच्या बसेस धुक्यात दिवे लावून चाकणकडे निघालेल्या असतात, मफलर गुंडाळलेली माणसं खिडकीला डोकं टेकून उरलेली झोप पुरी करत असतात, आणि एखाद्या गाडीवालीने लावलेल्या धुपाचा वास रिक्षात शिरतो. बाकीच्या बायकांना त्या वासाने काय आठवत असेल ते असो. मला आठवते कोमट पाण्यावर तरंगणारी प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात हळूहळू मऊ होत जाणारा पांढरा उंदीर.

असं लिहिलं की वाचणारा नाक मुरडणार, हे मला ठाऊक आहे. मीही मुरडत होते. माझा धाकटा दीर संकेत, आमच्याकडेच राहायचा, चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात पत्रा ठोकून घडवणाऱ्या प्रेस मशीनवर होता. एका गुरुवारी तो भोकं पाडलेला डबा घेऊन घरी आला. डब्यात साप होता. आपल्याकडचे साप पाळायला कायद्याने बंदी आहे, हा आफ्रिकेतला छोटा अजगर आहे, याची रीतसर नोंदणी केलीय, कागद दाखवू का, असं तो घडाघडा बोलत होता आणि मी पलंगावर चढून उभी होते. डब्यातल्या सापाने मात्र स्वतःचं डोकं स्वतःच्याच अंगाखाली खुपसून चेंडूसारखं मुटकुळं केलं होतं. इतकं घाबरलेलं जनावर मी तोवर पाहिलं नव्हतं. त्याच्यापुढे माझी भीती जरा ओशाळली आणि मी खाली उतरले.

सासूबाई मावळातल्या. त्यांच्या गावाकडे घरात साप शब्दाचा उच्चार करत नाहीत, लांबडं म्हणतात. त्यांनी दारातूनच निकाल दिला, "लांबडं घरात आनलंस व्हय? ऱ्हाऊ दे. पर माझ्या सैपाकघरात त्याचं काय बी येता कामा नये." त्याचं वेटोळं बघून नावही त्यांनीच ठेवलं, वेटोळ्या. नाव ठेवलं की जनावर घरचं होतं. त्याला हाकलून द्यायची भाषा घरात पुन्हा कोणी केली नाही.

पण घरचं झालं तरी त्याचं जेवण घरचं नव्हतं. थर्माकोलच्या खोक्यातून गोठवलेले उंदीर पुण्याहून यायचे. त्यांच्यासाठी संकेतने पिंपरी कॅम्पातून एक लहानसा जुना फ्रीज आणला आणि कपडे वाळत घालायच्या बाल्कनीत ठेवला. त्याच्यावर एक चेपकं ॲल्युमिनियमचं पातेलं असायचं. ते फक्त उंदरांच्या पाण्याचं. घरात पाहुणे आले की ते पातेलं मी पायपुसण्याखाली दडवायची, कारण एकदा एका मावशींनी त्यात चहाला पाणी घ्यायचा बेत केला होता.

आमच्या भागातल्या पुष्कळ कारखान्यांना आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. म्हणून वेटोळ्याच्या जेवणाचा वारही गुरुवार ठरला. तो दर गुरुवारी जेवायचा नाही, पण जेवला तर गुरुवारीच. सासूबाईंचा दत्ताचा वार, माझ्या नवऱ्याचा दुपारभर झोपायचा वार आणि संकेतचा उंदीर कोमट करायचा वार. सकाळी तो उंदीर वरच्या बर्फाच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात ठेवायचा. दुपारी पिशवीत घालून, गाठ मारून कोमट पाण्यात सोडायचा. पाणी गार झालं की बदलायचं, पुन्हा बदलायचं. मी शाळेतून येऊन जेवत असले तरी त्याचं व्याख्यान सुरू असायचं.

"वहिनी, वरून मऊ लागला म्हणजे झालं नाही हं. पोटाला दाबून बघायचं. आत बर्फ राहिला असला तर ह्याच्या पोटात बर्फ जाणार."

"जेवू दे रे मला."

"आणि मायक्रोवेव्हचा शॉर्टकट नाही. फुटेल."

"संकेत!"

शेवटी तो माझा केस वाळवायचा ड्रायर घेऊन उंदराच्या डोक्याला ऊब द्यायचा. त्या सापाला डोळ्यांनी फारसं दिसत नाही, त्याला ऊब कळते आणि वास कळतो, असं तो सांगायचा. गार पडलेलं अन्न त्याच्या लेखी अन्नच नाही, नुसती वस्तू आहे. मग लांब चिमट्यात शेपूट धरून तो उंदीर काचेच्या पेटीत जरासा हलवायचा आणि पापणी लवायच्या आत वेटोळ्या त्याच्यावर पडलेला असायचा. मी दरवेळी किंचाळायचे आणि दरवेळी बघायलाही जायचे.

त्या उंदरांचं मला वाईट वाटायचं. ते जन्मालाच यासाठी घातलेले असतात. बर्फातून काढले की त्यांचे पुढचे पंजे छातीशी आवळलेले दिसायचे, गुलाबी, नखाएवढे, पण बोटं अगदी स्वच्छ ओळखू येणारी. पाण्याची ऊब लागली की ती बोटं आपोआप उलगडत. मी एकदा संकेतला म्हटलं, बघ, कशी माणसासारखी बोटं आहेत. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही असं बघत बसलात तर हा उपाशी मरेल."

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर संकेतचा हात प्रेसमध्ये सापडला. मशीन एकदा खाली यायला हवं होतं, ते दोनदा आलं. पत्रा काढायला त्याने हात घातला होता. हात मध्ये आला की मशीन थांबवणारा सेन्सर त्या दिवशी बंद ठेवलेला होता, कारण सेन्सर चालू असला की माल कमी निघतो. हे सगळं आम्हाला दवाखान्याच्या जिन्यावर कळलं, त्याच्याबरोबरच्या पोरांकडून, तेही आवाज खाली करून. उजव्या हाताची अंगठा सोडून चारही बोटं गेली. मी तेव्हा कोणाकोणाला काय काय शिव्या दिल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. आजही चाकणच्या रस्त्याने जाताना पत्र्याच्या शेडमधून ठाक ठाक आवाज आला की माझे दात आवळले जातात.

दवाखान्यात सासूबाईंनी त्याला हाताने भरवलं. तेव्हा तो औषधाच्या गुंगीत होता, त्याने भरवून घेतलं. घरी आल्यावर पहिल्याच जेवणाला तो आमच्यात येऊन बसला. खाली सतरंजीवर आम्ही चौघं, मधे भाकरीची दुरडी, बाहेर शेजारच्या पोरांचे उरलेले फटाके वाजत होते. संकेतने जरा वेळ ताटाकडे पाहिलं आणि डाव्या हाताने भाकरीचा तुकडा उचलला.

"उजव्या...," सासूबाई म्हणाल्या.

तेवढंच. पुढचा शब्द त्यांनी गिळला. त्यात राग नव्हता, टोचणी नव्हती, त्यांचं लक्षही नव्हतं. तीन मुलं वाढवताना, मग लेकीची पोरं सांभाळताना, डाव्या हाताने खाणारं पोर दिसलं की जे वाक्य आयुष्यभर तोंडून निघत आलं ते निघालं. आपल्याकडे कोणत्या घरात ते निघत नाही? मी वर्गात डबा खाणाऱ्या मुलांना ते रोज म्हणते, म्हणजे म्हणायची. संकेतने तुकडा ताटात ठेवला, उजवा हात स्वेटरच्या खिशात घातला आणि उठून आपल्या खोलीत गेला. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या. त्या रात्री कोणीच नीट जेवलं नाही.

त्यानंतर तो आमच्यात जेवायला आला नाही. ताट खोलीत न्यायचं, दार लावून घ्यायचं आणि अर्ध्याहून जास्त अन्न तसंच परत यायचं. सासूबाई म्हणाल्या, मी भरवते. त्यावर तो पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडला, "मी काय बाळ आहे का?" त्याची गालफडं दिसायला लागली. चहात बिस्कीट बुडवून खाल्लं की दिवस निघाला. खिशातला हात तो कोणापुढे बाहेर काढत नसे, डॉक्टर सोडून. आणि एक दिवस मला म्हणाला, "वहिनी, वेटोळ्याला देऊन टाका कोणाला तरी. माझ्याच्याने आता नाही होणार."

मी सरळ नाही म्हटलं. मला त्या सापाचा पुळका आला होता अशातला भाग नाही. पण माझ्या मनाने घेतलं की हा साप घरातून गेला तर संकेत पुन्हा काही आपलं म्हणून हातात धरणार नाही. दुसरंही मनाने घेतलं, आणि त्याला काही आधार नव्हता. वेटोळ्या जेवला तर संकेतही जेवेल. माणूस हवालदिल झाला की असे मनातल्या मनात करार करून बसतो. मी शिकलेली आहे, विज्ञान शिकवते, तरीही बसले.

पुढे मार्गशीर्ष लागला आणि गुरुवारी चिमटा माझ्या हातात आला.

मार्गशीर्षात आमच्या घरी महिनाभर अंडंसुद्धा येत नाही. गुरुवारी सासूबाई घट मांडतात, त्याला खण नेसवतात, मुखवटा बसवतात, वेणी माळतात. त्यांचे गुडघे धरलेले, म्हणून वाकून करायचं सगळं माझ्याकडे. हळद-कुंकू वाहायचं, धूप घालायचा, संध्याकाळी कहाणी वाचायची, कापूर पेटवून आरती करायची. आणि बाल्कनीत मेलेला उंदीर पाण्यात पडलेला. मला वाटलं यावर घरात रामायण होईल. मी भीत भीत विचारलं, "आई, महिनाभर थांबू का?"

त्या वाती वळत होत्या. म्हणाल्या, "जित्याला उपाशी ठिवून कुठली लक्षुमी येती? त्याचं त्याला दे. पर हात धुऊन ये म्हंजी झालं."

त्यांच्या मनात उंदराला हात लावून पूजेला येताना धुवायचे हात होते. मी तर त्याच्याही पुढे गेले. विटाळ नको म्हणून आधी सगळी पूजा उरकायची, आरती करायची आणि मगच पिशवी सोडून उंदराला हात लावायचा, असा नेम मी घालून घेतला. पूजेनंतर हात धुवायचं मनातही आलं नाही. देवाच्या कामाचे हात कोण धुतं?

वेटोळ्या खाईना. पहिल्या गुरुवारी मला वाटलं ऊब कमी पडली. दुसऱ्या गुरुवारी पाणी चारदा बदललं, ड्रायर फिरवला, पोट दाबून पाहिलं, सगळं संकेतच्या व्याख्यानाबरहुकूम. तो पेटीतल्या मातीच्या फुटक्या कुंडीतून डोकं काढायचा, जीभ लवलवत पुढे यायचा, अगदी उंदराजवळ यायचा आणि मान फिरवून परत कुंडीत जायचा. थंडीत हे साप खाणं सोडतात, हे मी वाचलं होतं. तेव्हा तीच समजूत घालून घेतली. पण त्याच्या पाठीचा कणा दिसायला लागल्यासारखा वाटे, आणि मी पेटीपासून वळले की भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या संकेतचा खांदा दिसे, स्वेटरमधून टोकदार झालेला. खाल्लं का, एवढंही तो विचारत नसे. न खाल्लेला उंदीर पुन्हा गोठवायचा नसतो. तो कागदात गुंडाळून खाली नेताना त्याचे ते उलगडलेले पंजे माझ्याच्याने बघवत नसत.

सासूबाई चुलीपाशी, म्हणजे आता गॅसपाशी, पण त्या चुलीपाशीच म्हणतात, स्वतःशी बोलल्यासारख्या म्हणायच्या, "त्यानं बी अन्न सोडलंय आन् ह्यानं बी."

आता संकेत तळेगावला असतो. तिथे एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करतो, डाव्या हाताने मोजमाप घेतो, डाव्या हाताने सही करतो. वेटोळ्याही त्याच्याकडेच आहे, चांगला दंडाएवढा झालाय. बाल्कनीतला फ्रीज गेला, तिथे मी तुळस ठेवलीय. आयुष्य आपल्या जागी बसलं असं म्हणायला हरकत नाही. पण मार्गशीर्षातल्या गुरुवारी संध्याकाळी कापूर विझून त्याचा तो थंड वास घरात पसरतो ना, तेव्हा मी अजूनही स्वतःचे हात हुंगते. आपण किती शुद्ध मनाने, किती नेमाने एखाद्याच्या पुढे नको तेच धरत असतो, आणि तो घेत नाही म्हणून वर रडतही असतो, असं काहीबाही मनात येतं. घरच्या माणसांच्या बाबतीत येतं, वर्गातल्या पोरांच्या बाबतीत येतं. मग दूधवाला येतो आणि विचार तिथेच राहतो.

त्या मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी उद्यापन होतं. शेजारच्या बायका हळदीकुंकवाला येऊन गेल्या, घर पुरणाच्या वासाने भरलं होतं. दिवेलागण झाली होती. सकाळी फ्रीजमधले दोन उंदीर एकमेकांना चिकटून निघाले होते, ते सुटेनात म्हणून मी दोन्ही कोमट करायला टाकले. दुपारी ते सुटल्यावर दुसरा चिमट्यानेच वेगळ्या पिशवीत टाकून तिला गाठ मारली होती, तो पाण्यात तसाच होता. आरती झाल्यावर मी एक चिमट्यात धरून संकेतच्या खोलीत गेले. वेटोळ्या आला, जीभ लवलवली, मान फिरवली.

माझा धीर सुटला. "खा ना रे मेल्या," मी ओरडले. "किती करायचं तुझं? कोणाकोणाचं करायचं मी?" आणि चिमटा हातात धरून तिथेच पेटीपुढे फतकल मारून रडायला लागले.

पलंग करकरला. संकेत उठून माझ्याजवळ बसला. त्याने डाव्या हाताने माझं मनगट धरलं, मला वाटलं समजूत घालतोय. पण त्याने माझा हात उचलून नाकाजवळ नेला आणि हुंगला. मग चिमट्यातला उंदीर हुंगला.

"वहिनी, आरती करून आलात?"

"मग? गुरुवार आहे."

"दरवेळी आरती करूनच येता?"

"हो. का?"

"हा उंदीर कुठे राहिलाय," तो म्हणाला, "ह्याची उदबत्ती झालीय."

दवाखान्यातून आल्यापासून तो पहिल्यांदाच हसला. हसू कसलं, खोकल्यासारखं काहीतरी निघालं. मलाही रडता रडता हसू आलं, आणि मग आपण महिनाभर काय करत होतो हे लक्षात येऊन पुन्हा रडू आलं. तो म्हणाला, "दुसरा आहे का?" मी उठायला लागले तर म्हणाला, "तुम्ही हात लावू नका. पातेलं तेवढं आणा."

मी पातेलं आणून ठेवलं आणि बाजूला उभी राहिले. ते बघणं मला फार जड गेलं. पिशवीची गाठ त्याला डाव्या हाताने सुटेना. मी पुढे झाले तर म्हणाला, "राहू द्या." दातांनी गाठ सोडली. ड्रायर काखेत धरला, तो दोनदा घसरला. चिमटा डाव्या हातात धड बसत नव्हता, टोकं एकमेकांवर चढत होती. उंदीर खाली पडला, त्याने पुन्हा उचलला. कपाळावर घाम आला होता, इतक्या थंडीत. उजवा हात मात्र खिशातच. शेवटी एकदाचं शेपूट पकडीत आलं आणि त्याने चिमटा पेटीत सोडला. हात थरथरत होता म्हणून उंदीर आपोआपच हलत होता.

वेटोळ्या कुंडीतून बाहेर आला. मान उंचावून क्षणभर थांबला आणि झेपावला. संकेतचा हात हिसक्याने मागे आला. पेटीत वेटोळी आवळली गेली.

दारात सासूबाई उभ्या होत्या. साप आल्यापासून त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं, आताही उंबऱ्याच्या अलीकडेच होत्या. "घेतलं का रं त्यानं?" त्यांनी विचारलं.

"घेतलं," संकेत म्हणाला. "भूक लागलीय, आई."

सतरंजीवर ताटं मांडली गेली. माझा नवरा येऊन बसला आणि त्याने सरकून संकेतसाठी जागा केली. मी वाढायला लागले. सासूबाई एरवी सगळ्यांचं झाल्यावर बसतात, त्या दिवशी म्हणाल्या, "मला बी वाढ," आणि संकेतच्या शेजारी मांडी घालून बसल्या. मी भात वाढला, त्यावर कटाची आमटी घातली. संकेतने डावा हात भातात घातला आणि थांबला. मला कळलं की तो वाट बघतोय. आता कोणीतरी काहीतरी बोलेल याची.

सासूबाईंनी आपला उजवा हात पदराखाली घेतला. डाव्या हाताने भात कालवायला लागल्या. अख्ख्या जन्मात त्या हाताने त्यांनी देवापुढे फूलसुद्धा ठेवलं नव्हतं. घास उचलला तो बोटांतून निसटला आणि लुगड्यावर पडला. दुसरा हनुवटीला लागला. माझ्या नवऱ्याने तोंड उघडलं, मी डोळे वटारले, त्याने मिटलं.

"आई, काय करतेस?" संकेत म्हणाला.

"जेवते." त्यांनी पुन्हा घास उचलला, पुन्हा सांडला. ताट सतरंजीवर डुगडुगत होतं. "लई अवघड हाय रं ह्ये," त्या म्हणाल्या. "मला तर तोंडापातूर बी येईना. तू कसं जमवतोस?"

संकेत त्यांच्याकडे सरकला.

"आधी नीट कालव," तो म्हणाला. "मोठा घास नको घेऊस. कोपर वर घे जरा."

त्यांनी कोपर वर घेतलं. ताट कलंडायला लागलं. तसा संकेतने स्वेटरच्या खिशातून उजवा हात काढला, पट्टी सुटलेला, लालसर, आणि आम्हा सगळ्यांच्या देखत त्यांच्या ताटाच्या कडेवर दाबून धरला.

"आता घे," तो म्हणाला.